रिव्हॉल्व्हर बोटावर फिरवायला शिकायचंय? आधी थांबवायला शिका

मागच्या वर्षी आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना टूमस्टोनला घेऊन गेलो, आमच्या फिनिक्सपासून गाडीने तीन तास, ऍरिझोनाच्या पार खाली मेक्सिकोच्या बॉर्डरच्या बाजूला. १८८१ ची ती ओके कोरालची चकमक, म्हणजे पोलीस आणि काऊबॉय यांच्यातला गोळीबार, तिथं पर्यटकांसाठी करून दाखवतात, तर खेळ सुरू व्हायच्या आधी एक काळ्या टोपीवाले आजोबा फूटपाथवर उभे राहून पोरांना रिव्हॉल्व्हर फिरवून दाखवत होते, पुढे, मागे, एका हातातून दुसऱ्या हातात आणि शेवटी खट्कन होल्स्टरमध्ये, म्हणजे कंबरेच्या चामडी म्यानात. आई व्हिडिओ काढत होती, बाबा नुसते बघत होते. बाबा मूळचे कोल्हापूरचे, लहानपणी तालमीत लाठी फिरवलेली. गाडीत बसल्यावर म्हणाले, "हात हलतच नव्हता रे त्यांचा, सगळं मनगटात होतं."

मी तोपर्यंत आठ महिने हेच शिकत होतो आणि आठ महिने अख्खा हात ढवळत होतो, ताक घुसळल्यासारखा. त्या दिवसानंतर जे जमायला लागलं ते इथं लिहून ठेवतोय. मी एक्स्पर्ट वगैरे नाही, रोज पंधरा मिनिटं करणारा आयटीवाला आहे, पण नवशिक्यांच्या सगळ्या चुका करून झाल्यात त्यामुळे त्या मला पाठ आहेत.

खरी बंदूक अजिबात नाही

हे आधी, कारण इथं अमेरिकेत लोकांकडे खऱ्या असतात आणि "रिकामी करून फिरवतो की" असं म्हणणारा एक तरी भेटतोच. नाही म्हणजे नाही. रिकामी आहे असं वाटणं आणि रिकामी असणं यात फरक असतो, आणि बोट ट्रिगर गार्डमध्ये, म्हणजे चापाभोवतीच्या कड्यात, घालून बंदूक चहूकडे वळवायची म्हणजे बंदूक हाताळायचे जेवढे नियम आहेत ते सगळे एकदम मोडायचे. स्टेजवर खरी फिरवणारे लोक आहेत, पण त्यांनी आयुष्य घातलंय त्यात, आपण वीकेंडवाले.

याच टूमस्टोनमधली गोष्ट सांगतो. २८ ऑक्टोबर १८८०, रात्र, गावात काही काऊबॉय प्यायलेले आणि हवेत गोळ्या झाडत होते. गावचा मार्शल, म्हणजे पोलीसप्रमुख, फ्रेड व्हाइट हत्यारं काढून घ्यायला गेला. कर्ली बिल ब्रोशियस नावाच्या माणसाने आपलं रिव्हॉल्व्हर पुढे केलं, व्हाइटने नळी धरून ओढलं आणि गोळी सुटली. दोन दिवसांनी व्हाइट गेला. मरताना त्याने स्वतःच सांगितलं की हा अपघात होता, आणि ओके कोरालच्या चकमकीत पुढे लढलेल्या वायट अर्पनेही कोर्टात साक्ष दिली की हे रिव्हॉल्व्हर बंदुकीचा घोडा अर्धा चढलेला असतानाही सुटू शकतं. कर्ली बिल सुटला. पण नंतर मूठ पुढे करून बंदूक द्यायची आणि ऐनवेळी गर्रकन उलटी फिरवून समोरच्यावर रोखायची या डावाला त्याचं नाव चिकटलं, कर्ली बिल स्पिन. रोड एजंट स्पिन पण म्हणतात, रोड एजंट म्हणजे घोडागाड्या लुटणारे वाटमारे. त्या रात्री त्याने खरंच हा डाव टाकला की नुसतीच ओढाताण झाली यावर लोक अजून भांडतात. मला त्यातून एवढंच घ्यायचंय की तो माणूस बंदुका वापरण्यात मुरलेला होता, आणि तरी सुटली.

मग घ्यायचं काय

नॉन-फायरिंग रेप्लिका. स्पेनची डेनिक्स कंपनी बनवते त्या बऱ्या असतात, झिंकच्या मिश्रधातूच्या, गोळी जाऊच शकत नाही पण वजन खऱ्याच्या जवळपास, किलोच्या आसपास. वजन महत्त्वाचं आहे. प्लास्टिकचं खेळण्यातलं पिस्तूल फिरतच नाही, म्हणजे बोटावर फिरतं पण त्याला स्वतःचा जोर नसतो, प्रत्येक फेरा तुम्हालाच ढकलावा लागतो आणि तिथंच हाताला चुकीची सवय लागते.

मॉडेल एकच, १८७३ चं कोल्ट सिंगल ऍक्शन आर्मी, त्यालाच पीसमेकर म्हणतात. वेस्टर्न पिक्चरमध्ये बघता ते हेच. नळी तीन लांबीत येते, साडेसात इंच घोडदळाची, साडेपाच तोफखान्याची आणि पावणेपाच साध्या लोकांची. साडेसात इंची दिसायला लय भारी पण फिरवताना ती कोपरापर्यंत येते आणि सावकाश फिरते. पावणेपाच घ्या. साडेपाचनेही काही बिघडत नाही, थोडी संथ फिरते आणि काहींना तेच बरं पडतं.

हेच मॉडेल का, तर याचा ट्रिगर गार्ड गोल आणि मोकळा असतो, बोटाला जागा मिळते, आणि मूठ खाली वळलेली नांगराच्या मुठीसारखी, तळहातात आपोआप घसरत येते. सिंगल ऍक्शन म्हणजे काय तर घोडा, म्हणजे मागचा हॅमर, दर वेळी अंगठ्याने चढवायचा, तो चढवल्याशिवाय चाप ओढून काही होत नाही. डबल ऍक्शनमध्ये चाप ओढला की घोडा चढतो पण आणि पडतो पण, त्यामुळे तसली रेप्लिका बोटावर फिरवली की दर फेऱ्याला आत खटखट होत राहतं आणि बोट चिमटतं. घोडा नेहमी खाली पडलेला ठेवायचा, रेप्लिकाचासुद्धा.

नवीन आणली की ट्रिगर गार्डच्या आतून बोट फिरवून बघा. ओतीव धातूची कड असते, ब्लेडसारखी. बारीक पॉलिश पेपर घेऊन ती घासून गुळगुळीत करा, दहा मिनिटांचं काम आहे. मी आळस केला आणि तिसऱ्या दिवशी तर्जनीवर फोड घेऊन ऑफिसात टायपिंग करत बसलो होतो.

भारतात असाल तर मागवण्याआधी कस्टमचे आणि तिथले नियम नीट बघून घ्या, नाहीतर पार्सल अडकायचं आणि वर चौकशी. तोवर सुताराकडून लाकडी कापून घ्या, नळीत भोक पाडून मासेमारीच्या गळाला लावतात ती शिशाची वजनं भरा. माझा सोलापूरचा मावसभाऊ अशाच लाकडी पिस्तुलावर शिकतोय आणि त्याचा रिव्हर्स, म्हणजे उलटा फेरा, माझ्यापेक्षा स्वच्छ आहे, हे मी त्याला कधी सांगणार नाही.

जागा

पलंगासमोर उभं राहायचं. खरंच. सुरुवातीला दर मिनिटाला एकदा पडणार आहे आणि किलोभर धातू फरशीवर पडला तर फरशी फुटते नाहीतर रेप्लिका, आणि पायावर पडला तर अंगठ्याचं नख काळं होऊन सहा आठवडे तसंच राहतं, फोटो दाखवत नाही. पायात बूट, आसपास टीव्ही नाही, काचेचं टेबल नाही, रांगतं पोर नाही, कुत्रं नाही. खिडकीचा पडदा ओढून घ्या, बाहेरून बघणाऱ्याला हे खोटं आहे हे कळायचा काही मार्ग नसतो.

पहिले दोन दिवस फिरवायचंच नाही

तर्जनी ट्रिगर गार्डमध्ये घाला, पहिल्या आणि दुसऱ्या पेराच्या मधोमध येईल अशी. बाकीची बोटं सोडून द्या. रिव्हॉल्व्हर बोटाला लटकेल आणि नळी आपसूक खाली जाईल कारण पुढची बाजू जड असते. आता तर्जनी आडवी, जमिनीला समांतर, उजवा हात असेल तर बोटाचं टोक डावीकडे. बोट म्हणजे भिंतीत मारलेली खुंटी समजा, खुंटी कधी हलत नाही, तिला अडकवलेली पिशवी हलते. बाकीची तीन बोटं मिटून तळहाताकडे, नाहीतर मूठ फिरताना त्यांच्यावर आपटते, आणि अंगठा वर, रस्त्यातून बाजूला.

आता मनगट नुसतं किंचित हलवून तिला पुढेमागे झुलवा, पाळण्यासारखं. पूर्ण फेरा नाही. झोका कुठं जड होतो, कुठं हलका होतो हे बोटाला कळलं पाहिजे. कंटाळवाणं आहे, मी केलं नव्हतं, बाबांच्या त्या वाक्यानंतर मागे येऊन करावं लागलं.

फॉरवर्ड स्पिन

झोका मोठा होत गेला की एका क्षणी ती पूर्ण फिरते. नळी पुढे, मग खाली, मग तुमच्याकडे, मग वर आणि परत पुढे. हा झाला फॉरवर्ड. ढकलायचं कधी, तर नळी खाली जायला लागली की मनगटाने एक हलकासा टिचका द्यायचा आणि मग वरपर्यंत हात सोडून द्यायचा, म्हणजे काही करायचं नाही. पुन्हा खाली जायला लागली की पुन्हा टिचका. झोपाळ्यावरच्या पोराला धक्का कधी देता तुम्ही? ते परत जायला निघालं की. तसंच. सतत ढकलत राहिलात तर ती वेडीवाकडी भरकटते आणि गार्ड बोटावरून सरकत टोकाला जातो, तिथून पलंगावर.

दोन-तीन संध्याकाळींत फिरायला लागते आणि माणूस खूश होऊन व्हिडिओ काढतो, ग्रुपवर टाकतो, लोक टाळ्या देतात. पण त्या व्हिडिओच्या शेवटी बघा, नव्वद टक्के वेळा दुसऱ्या हाताने पकडून थांबवलेली असते.

थांबवणं, यातच सगळं आहे

फॉरवर्ड थांबवायला सोपा, कारण फेऱ्याच्या शेवटी नळी वरून पुढे येते तेव्हा मूठ समोरून तुमच्या तळहाताकडेच येत असते. तुम्ही फक्त तळहात तिच्या वाटेत आणायचा, म्हणजे मनगट आतल्या बाजूने सरळ करायचं आणि ती आत आली की तीन बोटं मिटायची. पकडायला हात पुढे न्यायचा नाही. क्रिकेटमध्ये स्लिपला उभा राहिलेला माणूस बॉलवर झडप घालत नाही, हात मऊ ठेवून बॉल येऊ देतो, ते आठवा. झडप घातली की मुठीची खालची कड बोटांच्या हाडांवर बसते आणि डोळ्यात पाणी येतं.

कसं शिकायचं: एक फेरा, थांब. परत एक फेरा, थांब. असे पन्नास. मग दोन फेरे आणि थांब. "खट्ट" असा एकच आवाज यायला पाहिजे, तळहातावर मूठ बसल्याचा. "खट्ट-टक" असे दोन आले तर मूठ आधी हाडावर आणि मग तळहातात आली, म्हणजे उशीर झाला. मी डोळे मिटून आवाजावर करायचो, त्याने फार फरक पडला. ऐकत राहिलं की हाताला वेळ कळत जाते, ढोलपथकातल्या पोरांना विचारा.

शेवटी नळी बरोबर समोर, आडवी, हलत नाही अशी थांबली पाहिजे. वर-खाली डुलत असेल तर अजून जोर लावताय.

रिव्हर्स

उलटं, नळी वर, मग तुमच्याकडे, मग खाली, मग पुढे. सुरू करायला फॉरवर्डपेक्षा सोपं कारण बोटं उघडली की मूठ पुढून निसटतेच, नळीला नुसतं वर उचलायचं. पण थांबवायला अवघड, मूठ वरून येते आणि तळहाताच्या पाठीमागे जाते. म्हणून रिव्हर्समध्ये सुरुवातीला मूठ पकडायचा नादच सोडा, नळी खाली असताना थांबवायला शिका. फेरा मंदावू द्या, नळी खाली आली की मनगट पण खाली सोडा, ती लटकते. हे का, ते पुढच्या भागात कळेल.

होल्स्टरमध्ये परत

रिव्हर्सचे दोन फेरे, दुसऱ्याला नळी खाली आली की हात सरळ खाली, आणि नळी होल्स्टरच्या तोंडात. नळी खाली आणि मूठ मागे, ती होल्स्टरमध्ये असते तशीच, म्हणून रिव्हर्स खाली थांबवायचा सराव केला. आधी सावकाश, फेरा न घेता, नुसतं लटकवून आत सोडायचं वीस वेळा. मग एक फेरा. डाव्या हाताने होल्स्टरचं तोंड धरून ठेवलं तरी चालतं सुरुवातीला. खाली बघायचं नाही, हा नियम मात्र पहिल्या दिवसापासून, एकदा बघायची सवय लागली की जात नाही.

होल्स्टरबद्दल एक गंमत. पिक्चरमध्ये मांडीवर खाली लोंबणारा जो दिसतो तो बुस्काडेरो, बेल्टलाच खाच पाडून त्यात अडकवलेला, तो जुन्या वेस्टमध्ये नव्हताच, १९२० च्या दशकाच्या आसपास आला आणि हॉलिवूडने पसरवला. १८८० चे लोक कंबरेवर उंच, घट्ट चामड्याचा वापरायचे, त्यातून बंदूक पडू नये हा उद्देश, पटकन निघावी हा नाही. आणि हॉलिवूडमध्ये ऍक्टरांना ड्रॉ, म्हणजे बंदूक उपसणं, शिकवणारा आर्वो ओहाला होता, त्याने तर होल्स्टरच्या आत धातूचा पत्राच घातला, म्हणजे चामडं रिव्हॉल्व्हरला चिकटत नाही. एकूण हे फिरवणं वगैरे गावगुंडांपेक्षा शो करणाऱ्यांचं जास्त, १८८३ पासून बफेलो बिलचा वाइल्ड वेस्ट शो गावोगाव फिरत होता, मग पिक्चर आले. आपल्याकडे शिवाजीराव गायकवाडांनी, म्हणजे रजनीकांतने, गॉगल आणि सिगारेटचं जे केलं तसंच काहीसं. आपल्याला काय, बुस्काडेरो घ्या, कड कडक असलेला. मऊ चामड्याचं तोंड मिटतं आणि नळी आत जात नाही. हॅमरवरून अडकवायची वादी असते ती आधी सोडा, मी एकदा विसरलो, ड्रॉ केला आणि बेल्टसकट पँट वर आली.

फॅन्सी ड्रॉ

साधा ड्रॉ म्हणजे मूठ धरा, सरळ वर उचला, नळी बाहेर आली की समोर. यात फक्त एक फॉरवर्ड फेरा घातला की फॅन्सी झाला. पण फेरा नळी पूर्ण बाहेर आल्यावरच. मी घाई केली, नळीचं टोक चामड्यात अडकलं, गार्ड बोटातून सुटला आणि रेप्लिका उडून ड्रॉइंग रूमच्या ड्रायवॉलला भोक. बायकोने त्या भोकावर गणपतीचं कॅलेंडर लावलंय, ऑगस्ट संपला तरी पान उलटत नाही. तर मोजायचं, एकला मूठ, दोनला वर, तीनला फेरा, चारला थांब. आधी हळू, मग मोजणी आपोआप आखडते.

क्रॉस ड्रॉमध्ये होल्स्टर दुसऱ्या बाजूला आणि मूठ पुढे, हात पोटावरून आडवा जातो. दिसायला छान, शिकायला सोपा. कॅव्हलरी ड्रॉ मात्र वेगळा, मूठ पुढे असलेली बंदूक त्याच बाजूच्या हाताने काढायची, तळहात बाहेर वळवून मूठ धरायची आणि उपसताना मनगट उलटं फिरवून नळी समोर आणायची. जुन्या वेस्टमधला नामांकित बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉक १८५१ च्या मॉडेलची दोन कोल्ट नेव्ही अशीच मुठी पुढे करून बाळगायचा, हस्तिदंती मुठींची. मनगट आखडलेलं असेल तर हा करू नका, आधी गरम पाण्याने शेका. मला तीन महिने लागले आणि अजून डाव्या हाताने येत नाही.

कर्ली बिल स्पिन आता जमेल, पाया झालाय. रिव्हॉल्व्हर उलटं, मूठ समोरच्याकडे, नळी तुमच्याकडे, पण तर्जनी गार्डमध्येच. मग मनगटाचा एक टिचका आणि मूठ तळहातात. ही एकच ट्रिक आहे जी पाहुण्यांना हमखास आवडते, पण पाहुण्याच्या हाताजवळ करू नका, आरशासमोर करा नाहीतर चार हात लांब उभं राहून.

बॉर्डर शिफ्ट म्हणजे एका हातातून दुसऱ्या हातात उडवणं. आधी रेप्लिका बाजूला ठेवा आणि लाटणं घ्या, छातीच्या उंचीला, हात एक फूट अंतरावर, लाटणं आडवं उडवून आडवंच झेला. उंच उडवायचं नाही, जवळजवळ हातात दिल्यासारखं. शंभर वेळा न पडता झालं की मग रेप्लिका, आणि मूठच झेलायची, गार्डमध्ये बोट घालायला जायचं नाही हवेत, बोट मोडतं. पाठीमागून उडवणं, खांद्यावरून उडवणं हे मी अजून पलंगाजवळच करतो.

काही सुटं-सुटं

रोज पंधरा मिनिटं, रविवारी दोन तास बसून काही होत नाही, उलट मनगट सुजतं. तर्जनीला फार्मसीतली कापडी चिकटपट्टी गुंडाळा पहिले दोन आठवडे. डावा हात पहिल्या दिवसापासून, उजव्याने दहा केले की डाव्याने दहा, नंतर शिकू म्हणालात की उजवा इतका पुढे जातो की डाव्याचा वैताग येतो.

घराबाहेर नेऊ नका. अमेरिकेत नकली बंदुकीला नारिंगी टोक लागतं पण १८९८ च्या आधीच्या मॉडेलच्या शोभेच्या रेप्लिकांना त्यातून सूट आहे, म्हणजे आपलं १८७३ चं कोल्ट टोकाशिवाय येतं आणि हुबेहूब खरं दिसतं, पोलिसालाही. गाडीत न्यायची झालीच तर डिकीत, बंद पेटीत. इव्हेंटला न्यायची असेल तर आयोजकांना आधी विचारून.

आणि स्क्रू. फिरवून फिरवून मुठीचे आणि ट्रिगर गार्डचे स्क्रू ढिले होतात, दर रविवारी बारीक स्क्रूड्रायव्हरने आवळा, फार ताकद लावू नका, झिंकचे आटे लगेच जातात. माझ्या मुठीची एक लाकडी फळी चालू स्पिनमध्ये निघून सोफ्याखाली गेली होती ती अजून सापडलेली नाही, सध्या तिथं पुठ्ठा आणि काळी इन्सुलेशन टेप आहे.